रंगकाम घराचे, संकट माशांचे

दसरा झाला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात दोन गोष्टींची एकदमच लगबग सुरू होते. जिनिंगच्या आवारात नव्या कापसाच्या गाड्या येऊ लागतात आणि घरोघरी शिड्या, डबे, ब्रश यांचा प्रवेश होतो. पावसाळ्यात जीवोत्पत्ती अधिक, म्हणून फोडतोडीची कामे पुढे ढकललेली असतात. भिंतींची ओल आता वाळलेली असते. भगवान महावीरांच्या निर्वाणदिनापूर्वी, वहीपूजनापूर्वी, घर आणि दुकान स्वच्छ व उजळ झालेच पाहिजे, असा वडीलधाऱ्यांचा आग्रह असतो. मग कपाटे ओढली जातात, भांडी माळ्यावरून उतरतात, जुन्या चोपड्या गाठोड्यात बांधल्या जातात, फोटो, घड्याळे, पडदे सर्व काही सुरक्षित जागी जाते. हॉलमधील माशांची टाकी मात्र बहुधा जागच्या जागी राहते. फार तर तिच्यावर एक जुनी चादर टाकली जाते.

आठ वर्षांपूर्वी आमच्या घरीही असेच झाले. दुकानाच्या नूतनीकरणाच्या वेळी एका आप्ताने टाकी भेट दिली होती. आठ सोनेरी मासे आणि एक काळा. वास्तूसाठी शुभ म्हणून पुष्कळ व्यापारी घरांत असतात तसेच. दिवाळीला दहा दिवस असताना हॉलच्या दारांना आणि खिडक्यांना ऑइल पेंट दिला गेला. आम्ही निष्काळजी नव्हतो, असे आम्हांस वाटत होते. टाकीवर जाड प्लास्टिक पसरून ते दोरीने बांधले होते. माशांना हवा मिळावी म्हणून हवेचा पंप चालू ठेवला होता. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून रात्री खिडक्या लावून घेतल्या. सकाळी प्लास्टिक काढले तेव्हा पाच मासे पाण्यावर तरंगत होते आणि उरलेले चार तोंड वर करून धापा टाकीत होते.

घरातील ज्येष्ठ काकाजी म्हणाले, "सूनबाई, वाईट वाटून घेऊ नका. घरावर येणारे संकट त्यांनी आपल्यावर घेतले." हे सांत्वन आपल्याकडे सर्वत्र ऐकू येते, आणि सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण दुसरीत शिकणाऱ्या माझ्या मुलाने विचारले, "त्यांना वास येत होता, तर ते बाहेर कुठे जाणार होते?" त्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते.

आपले कर्म आपणच भोगावयाचे असते, ते दुसऱ्याच्या खात्यावर चढविता येत नाही, हे आपण पाठशाळेपासून शिकत आलो आहोत. मग आपले संकट एका मुक्या माशाने घेतले, असे आपण कोणत्या आधाराने म्हणावे? घरावर कोणतेही संकट आले नव्हते. संकट माशांवर आले होते, आणि ते आम्ही आणले होते.

गृहस्थाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. त्यांत बंध पहिला आहे. बैल, गाय, घोडा यांच्या संदर्भात आपण तो ऐकलेला असतो. परंतु काचेच्या चार भिंतींत ठेवलेला मासाही बांधलेलाच आहे. तो पंचेंद्रिय जलचर जीव आहे, त्याला वेदना आहे. धूर झाला तर मांजर घराबाहेर पळते, चिमणी उडून जाते. माशाला तो मार्ग आपण ठेवलेला नाही. ज्याला आपण जाऊ देत नाही, त्याच्या हवेची आणि पाण्याची जबाबदारी पूर्णपणे आपली होते. रंगकामाच्या दिवसांत ही जबाबदारी कशी पार पाडावी, ते त्या सकाळीनंतर आम्ही शिकलो. तेच येथे क्रमाने मांडते आहे.

हवा पाण्यात कशी उतरते

मासे पाण्यात राहतात, म्हणून खोलीतील हवेशी त्यांचा संबंध नाही, हा आपला पहिला गैरसमज. मासे कल्ल्यांनी पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतात, आणि तो पाण्यात येतो खोलीच्या हवेतूनच. हवेत जे असेल ते पाण्याच्या पृष्ठभागातून थोडेथोडे आत उतरत राहते. फायटर आणि गोरामी या जातींचे मासे तर अधूनमधून वर येऊन थेट हवेचा घोट घेतात. खोलीतील वाफ त्यांच्या अंगात सरळ जाते.

त्याहून मोठा मार्ग म्हणजे हवेचा पंप. तो हवा निर्माण करीत नाही. ज्या जागी ठेवला असेल तेथील हवा ओढून पाण्यात सोडतो. लहान पंप मिनिटाला दोन लिटर हवा सोडतो असे धरले, तरी चोवीस तासांत २,८८० लिटर हवा पाण्यातून जाते. आमचा पंप प्लास्टिकच्या बाहेर, फळीवर होता. टाकी झाकलेली आणि पंप उघडा, याचा अर्थ असा, की हॉलमधील टर्पेंटाइनची वाफ आम्ही रात्रभर माशांच्या पाण्यात भरीत होतो. वर प्लास्टिक घट्ट बांधलेले असल्याने ती बाहेर पडण्याची वाटही अरुंद झाली होती.

कोणत्या कामात कोणता धोका

ऑइल पेंट, टर्पेंटाइन, थिनर, लाकडावरील पॉलिश यांची वाफ सर्वांत घातक. तिने कल्ल्यांचा दाह होतो, आणि पाण्यावर तेलकट पापुद्रा बसला तर प्राणवायूची देवघेव मंदावते. डिस्टेंपर आणि प्लास्टिक पेंट पाण्यात कालविलेले असल्याने तुलनेने सौम्य, पण निर्धोक नव्हेत. वास कमी म्हणजे वाफ नाही, असे समजू नये.

चुना आजही आपल्याकडे गोदामांना, मागील अंगणाला, जुन्या वाड्यांच्या भिंतींना दिला जातो. चुन्याच्या निवळीचा सामू बाराच्या पुढे असतो. बहुतेक शोभेच्या माशांना तो साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान लागतो. चुन्याचे चार शिंतोडेसुद्धा लहान टाकीला पुरेसे आहेत. शिवाय माशांच्या मलमूत्रातून पाण्यात अमोनिया येतच असतो. सामू सात असताना त्याचा विषारी भाग शेकडा एकाहूनही कमी असतो, आठ असताना शेकडा पाचाच्या आसपास होतो, आणि नऊ झाला की तिसऱ्या हिश्शाहून अधिक होतो. म्हणजे चुना स्वतः तर अपाय करतोच, पण टाकीत आधीपासून असलेल्या सौम्य घाणीचेही विष करतो. पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीची धूळ याच जातीची आहे. भिंत काचपेपरने घासताना उडणारा पांढरा थर केवळ सोफ्यावर बसत नाही.

तिसरा धोका आवाजाचा. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा सुमारे चौपट वेगाने जातो आणि माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंनी कंपने टिपणारी एक रेषा असते. ज्या भिंतीला टाकी लागून आहे, त्याच भिंतीत ड्रिल चालले, तर तो हादरा मासे संपूर्ण शरीराने अनुभवतात. घाबरलेला मासा काचेवर आपटतो, झाकण नसेल तर उडी मारून बाहेर पडतो.

चौथा धोका विजेचा. वायरिंगसाठी मेन स्विच बंद केला जातो, किंवा कारागीर ड्रिल लावण्यासाठी टाकीचा प्लग काढतो आणि पुन्हा लावायला विसरतो. त्याचा दोष नाही. त्याला कोणी सांगितलेले नसते.

पंधरा दिवस आधीची तयारी

रंगाऱ्याशी भाव ठरविताना, रंगाच्या छटा निवडताना, त्याच बैठकीत टाकीचा विचार करावा. कोणत्या खोलीत कोणत्या दिवशी काम आहे, ऑइल पेंट आणि पॉलिश केव्हा आहे, हे कागदावर लिहून घ्यावे. म्हणजे टाकी कोठे न्यावयाची ते ठरविता येते.

जागा निवडताना काही गोष्टी पाहाव्यात. ती खोली रंगकामापासून शक्य तितकी दूर आणि वाऱ्याच्या उलट बाजूस असावी. थेट ऊन नसावे. स्वयंपाकघर टाळावे, कारण फोडणीचा धूर आहे. न्हाणीघराजवळ फिनाईल आणि आम्ल असते. देवघरात धूप व अगरबत्ती असते. शयनगृह चांगले, मात्र तेथे डासांसाठी लावण्यात येणारे विजेचे लिक्विड आणि कॉइल त्या मुदतीत बंद ठेवावे. त्यांतील औषध ज्या वर्गातील आहे, तो वर्ग माशांना अतिशय घातक आहे. मच्छरदाणी हा निर्दोष पर्याय आपल्या घरांत आहेच.

पाणी साठवून ठेवणे यवतमाळकरांना शिकवावे लागत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या धरणांनी तळ गाठला, तेव्हा नळाच्या एका पाळीची वाट पाहत घालविलेले दिवस कोणी विसरलेले नाही. ती सवय येथे उपयोगी पडते. नळाचे पाणी जंतुनाशनासाठी क्लोरीन घातलेले असते आणि क्लोरीन कल्ल्यांना जाळतो. असे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात किमान एक दिवस उघडे ठेवावे, किंवा मासे विकणाऱ्या दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीन प्रमाणात घालावे. बोअरचे पाणी वापरीत असल्यास तेही दिवसभर ठेवावे, कारण जमिनीतून नुकत्याच आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. आजवर टाकीत नळाचे पाणी असेल तर ऐन वेळी बोअरचे जड पाणी घालू नये. हे साठवलेले पाणी रंगकामाच्या खोलीत ठेवू नये, आणि त्यावर जाळीदार फडके बांधावे.

दोन-तीन नव्या, झाकणाच्या बादल्या आणाव्यात आणि त्यांवर "मासे" असे लिहून ठेवावे. साबणाच्या, फिनाईलच्या किंवा रंगाच्या वापरलेल्या बादल्या कितीही धुतल्या तरी या कामाला चालत नाहीत. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप मिळतो. तोही एक असू द्यावा.

टाकी हलविण्याचा दिवस

भरलेली टाकी कधीही उचलू नये. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा साध्या टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते, म्हणजे केवळ पाण्याचेच वजन ५६ किलो. त्यावर खडे आणि काच. उचलताना थोडा पीळ पडला तरी काचेचे सांधे सुटतात.

आदल्या दिवशी माशांना खाणे देऊ नये. अन्नपाननिरोध हा अतिचार आहे हे खरे. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी वैद्य रुग्णाला उपाशी ठेवतात तो निरोध नव्हे. पोट रिकामे असेल तर मासे वाटेत पाणी घाण करीत नाहीत. निरोगी, वाढ झालेले मासे दोन-तीन दिवस अन्नावाचून सहज राहतात. अडचणीच्या काळात दयेपोटी घातलेले जास्तीचे खाणेच सडून पाणी बिघडवते.

सकाळी, कारागीर येण्यापूर्वी काम करावे. प्रथम पंप व हीटर बंद करून प्लग काढावेत. टाकीतील स्वच्छ पाणी बादल्यांत भरून घ्यावे. निदान निम्मे जुने पाणी जपावे. मग शोभेच्या वस्तू काढाव्यात, पाणी थोडे राहिले की हात ओले करून, जाळी आणि एक वाडगा घेऊन, मासे हळूच जुन्या पाण्याच्या बादलीत घ्यावेत. पाठलाग करू नये. एका बादलीत फार दाटी करू नये, झाकण ठेवावे पण हवेला फट असू द्यावी, आणि बॅटरीचा पंप लावावा.

आता सर्वांत अधिक दुर्लक्षित वस्तू: फिल्टरचा स्पंज. तो मळका दिसतो म्हणून आपण नळाखाली खळखळून धुतो. परंतु त्याच्या छिद्रांत असे सूक्ष्म जीव वस्तीला असतात, जे अमोनियाचे रूपांतर तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये करतात. टाकी निर्मळ ठेवणारे ते तिचे खरे सेवक. नळाच्या क्लोरीनने ते मरतात, आणि ओलावा व प्राणवायू मिळाला नाही तर काही तासांत नष्ट होऊ लागतात. स्पंज जुन्याच पाण्यात बुडवून न्यावा आणि नव्या जागी सर्वप्रथम चालू करावा.

रिकामी टाकी दोघांनी खालून हात घालून उचलावी, वरच्या कडेला धरून नव्हे. नव्या जागी सपाट, मजबूत टेबलावर थर्माकोलचा तुकडा घालून ठेवावी. जुने पाणी घालून फिल्टर सुरू करावा, पाण्याची उष्णता सारखी झाली की मासे सोडावेत. उरलेली जागा साठवलेल्या पाण्याने एकदम न भरता दोन-तीन दिवसांत भरावी.

टाकी हलविता येत नसेल तर

काही टाक्या फार मोठ्या असतात किंवा भिंतीत बसविलेल्या असतात. अशा वेळी टाकी राहू द्यावी आणि मासे जुन्या पाण्यासह व फिल्टरसह एखाद्या मोठ्या स्वच्छ टबात दुसऱ्या खोलीत न्यावेत. तेही अशक्य असेल, तर निदान पंप टाकीजवळ ठेवू नये. बारीक नळी लांब घेऊन पंप शुद्ध हवेच्या खोलीत किंवा गॅलरीत, पाण्याच्या पातळीपेक्षा उंच जागी ठेवावा. मगच टाकीवर प्लास्टिक टाकावे. बाहेरची शुद्ध हवा आत येत राहिली, तर ती फटींतून बाहेर पडते आणि खोलीतील वाफेला आत येऊ देत नाही. प्लास्टिक घट्ट आवळू नये. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, पंखा बाहेरच्या दिशेने लावावा. हा उपाय पाण्यात कालविलेल्या रंगापुरताच समजावा. ऑइल पेंट, पॉलिश आणि फवारणी यांसाठी तो पुरेसा नाही.

कारागिरांशी बोलणेही तयारीचाच भाग आहे. टाकीवर डबा किंवा ब्रश ठेवू नये, प्लग काढू नये, हात धुण्यास त्या बादल्या वापरू नयेत, एवढे तीन शब्द "भाऊ" म्हणून सांगितले, तर ते मनापासून पाळले जातात, असा आमचा अनुभव आहे.

फवारणीचा स्वतंत्र विचार

रंगकामाबरोबरच वाळवी, झुरळे, ढेकूण यांसाठी औषध मारून घेण्याची प्रथा वाढली आहे. जैन घरात हा विषय मुळातच विचारणीय आहे. शक्य तेथे ओल काढणे, फटी बुजविणे, साठवण कोरडी ठेवणे हे मार्ग आधी पाहावेत. तरीही घराच्या लाकडासाठी फवारणी करावीच लागली, तर एक गोष्ट पक्की ध्यानी ठेवावी. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी औषधे माणसाच्या शरीरात लवकर मोडून निष्प्रभ होतात, म्हणून ती घरगुती वापरासाठी चालतात असे सांगितले जाते. माशाच्या शरीरात ती तशी मोडत नाहीत. काही जातींच्या माशांना एका लिटर पाण्यात ग्रॅमचा दहा लाखावा हिस्सा, एवढ्याच्या आसपासचे प्रमाणही मारक ठरते. हातावर औषधाचा अंश असताना खाणे घातले तरी पुरे.

विषारी हवा म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगावे लागू नये. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. आपल्यापैकी अनेकांची कृषी केंद्रे आहेत. तोंडाला फडके बांधा, वाऱ्याच्या दिशेने फवारा, असे आपण गिऱ्हाइकाला बजावतो. तीच सावधगिरी आपल्या छताखालील जीवासाठी घ्यावी. फवारणीच्या काळात मासे त्या घरात ठेवूच नयेत. एखाद्या आप्ताकडे किंवा शेजाऱ्याकडे काही दिवस पाहुणे म्हणून पाठवावेत.

परतीची घाई नको

रंग वाळला म्हणजे वाफ संपली असे नाही. वास पूर्ण गेल्यावरही आणखी दोन-तीन दिवस खिडक्या उघड्या ठेवून मगच टाकी मूळ जागी आणावी. लाकडाला पॉलिश असेल तर आठवडाभर थांबावे. आपल्या नाकाला सवय होते, म्हणून बाहेरून आलेल्या व्यक्तीला विचारावे. काच केवळ साध्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसावी, काच चमकविण्याच्या फवाऱ्याने नव्हे.

सर्व काळजी घेऊनही मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले, कल्ले वेगाने हलू लागले, वेड्यासारखे धावू लागले किंवा तळाशी निपचित पडले, तर वेळ दवडू नये. खिडक्या उघडाव्यात. पंप शुद्ध हवेत न्यावा. साठवलेल्या, तितक्याच उष्णतेच्या पाण्याने तिसरा हिस्सा ते निम्मे पाणी बदलावे. फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा घालावा. पाण्यात उतरलेले पुष्कळसे रासायनिक अंश तो शोषून घेतो. अंदाजाने कोणतेही औषध टाकू नये. आमचे चार मासे वाचले ते एवढ्यानेच.

सोडून देणे म्हणजे अभयदान नव्हे

आता एका नाजूक विषयाकडे येते. रंगकामाची कटकट नको म्हणून, किंवा मनात खरोखर दया उपजली म्हणून, काही कुटुंबे मासे निळोण्याच्या जलाशयात, बेंबळ्यात, पैनगंगेत किंवा गावच्या विहिरीत सोडून देतात आणि जीव मुक्त केल्याचे समाधान मानतात. हेतू शुद्ध असतो, फळ मात्र तसे नसते. पिढ्यान्पिढ्या टाकीत वाढलेला, दाण्याच्या डबीकडे धावणारा, भडक रंगाचा मासा तेथे बगळ्याला प्रथम दिसतो. जो मरत नाही तो दुसऱ्यांना मारतो. टाकीची काच साफ करतो म्हणून आपण आणतो तो सकरमासा अंगावर कडक कवच घेऊन वाढतो, काठाची माती पोखरतो आणि स्थानिक माशांचे अन्न व जागा बळकावतो. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ भागात, आंध्र प्रदेशात, केरळात तो असाच पसरला आहे. एका माशाला दिलेले अभय त्या पाण्यातील हजारो जीवांना भय ठरते.

आमच्या सासूबाई लहानपणीची एक गोष्ट सांगतात. त्यांच्या माहेरी विहिरीचे पाणी दुहेरी फडक्याने गाळून झाले, की गाळणीवर राहिलेली जिवाणी, जिला काही घरांत संखारो म्हणतात, ती त्याच विहिरीत अलगद उतरविली जाई. दुसऱ्या विहिरीत नाही, अंगणात नाही. ज्या पाण्याचा जीव त्याच पाण्यात, कारण परक्या पाण्यात तो जगत नाही आणि तेथील जीवांनाही जगू देत नाही, असे त्यांची आजी सांगे. आपल्या पूर्वजांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांबाबत जे तारतम्य पाळले, ते बोटभर लांबीच्या माशाबाबत आपण सोडावे, हे बरे नव्हे. ज्यांना टाकी ठेवणे शक्य नाही, त्यांनी मासे चांगली व्यवस्था असलेल्या एखाद्या घराकडे द्यावेत, किंवा जेथून आणले त्या दुकानदाराकडे परत करावेत.

मासे पाळावेतच का, हा प्रश्न यानंतर उरतो. त्याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाने स्वतः द्यावे. आमच्या घरात ठरले ते असे: नवीन मासा आणावयाचा नाही, आणि जे आहेत त्यांना शेवटपर्यंत नीट सांभाळावयाचे. गोल्डफिश चांगल्या पाण्यात दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतो. उरलेल्या चारांपैकी दोन आजही आहेत.

यंदा पुन्हा रंगकाम काढले आहे. टाकी चार दिवसांपूर्वीच सासूबाईंच्या खोलीत गेली. त्यांनी डासांचे लिक्विड स्वतःच्या हाताने काढून ठेवले आणि माळ्यावरची जुनी मच्छरदाणी धुऊन लावली. मुलगा आता दहावीत आहे. "मासे" लिहिलेल्या बादल्या त्यानेच भरल्या. काकाजी रोज संध्याकाळी हॉलमधील रंग कसा दिसतो ते पाहून येतात, आणि मग त्या खोलीत टाकीसमोर थोडा वेळ बसतात. संकटाची गोष्ट ते आता काढीत नाहीत. "पंप कोणत्या खोलीत आहे?" एवढेच विचारतात.